नदीचा हजेरीपट

२०१८ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी काढली. एकूण पट्टे ३५१. त्यांत आपल्या एवढ्याशा गोव्यातले ११. साळ, मांडवी, जुवारी, वाळवंटी, खांडेपार... शाळेत भूगोलाच्या तासाला पाठ केलेल्या नद्या एका रांगेत उभ्या. यादी कशावरून केली, तर बीओडी ह्या मोजमापावरून. पाण्यातली कुजणारी घाण पचवताना जिवाणूंना किती प्राणवायू लागतो, त्याचा हा आकडा. लिटरमागे ३ मिलिग्रॅमच्या वर गेला की पट्टा यादीत.

हे मोजमाप मूळ इंग्रजांचे. सांडपाण्याचे काय करावे ह्यासाठी तिकडे १८९८ साली एक राजआयोग नेमला गेला, आणि त्याच्या १९१२ च्या आठव्या अहवालाने बीओडीला सरकारी प्रतिष्ठा दिली. नमुना ६५ अंश फॅरनहाइटला पाच दिवस ठेवायचा. पाचच दिवस का, तर इंग्लंडमधल्या कुठल्याही नदीचे पाणी तेवढ्यात समुद्राला मिळते म्हणून, असे सांगतात. आपली हवा उष्ण, त्यामुळे भारतात तो २७ अंश सेल्सियसला तीन दिवस ठेवतात. मोजमाप उपयोगाचे आहे, त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण बाटली ज्या क्षणी भरली त्या क्षणापुरतेच ते बोलते. आदल्या रात्री वरच्या अंगाला कोणी काही सोडले आणि सकाळपर्यंत ते वाहून गेले, तर बाटलीला त्याचा पत्ता नसतो. शिवाय जे कुजत नाही त्याविषयी बीओडी मुकाच. शिसे कुजत नाही, जस्त कुजत नाही, आणि खाणीवरून उतरणारी लाल मातीही कुजत नाही.

नदीची तब्येत पाहण्याची दुसरी एक रीत आहे. पाण्याला विचारायचे नाही, पाण्यात राहणाऱ्यांना विचारायचे. दगड उलटायचे, तळ ढवळायचा, जाळीत काय सापडते ते बघायचे. मासे नव्हेत, मासा संकट दिसले की पळून जातो. विचारायचे ते तळाशी राहणाऱ्या बारक्या जीवांना. गोगलगायी, जळवा, शिंपले, कृमी आणि मुख्य म्हणजे किड्यांची पाण्यात वाढणारी पिल्ले. ह्यांना कणा नाही, पण एका जागी महिनोन् महिने राहण्याची चिकाटी आहे. त्यामुळे मधल्या काळात तिथे जे जे वाहून गेले त्या सगळ्याची नोंद ह्यांच्या हजेरीत आणि गैरहजेरीत राहते. ही रीत सरकारदरबारी कशी पोचली आणि पोचताना तिचे काय झाले, त्याची हकिकत मला सांगायची आहे.

सुरुवात खूप जुनी. १८५० साली आर्थर हिल हॅसल ह्या डॉक्टरने लंडनच्या घरांत येणारे पाणी सूक्ष्मदर्शकाखाली धरले आणि त्यात वळवळणाऱ्या जीवांची चित्रे छापली. लंडनकरांना शिसारी आली. पण कोणता जीव असला म्हणजे पाणी किती खराब, ह्याची पद्धतशीर मांडणी व्हायला पुढे पन्नासेक वर्षे लागली. ती केली बर्लिनच्या सरकारी पाणी-तपासणी संस्थेतल्या कोल्कविट्झ आणि मार्सन ह्या जोडीने. गटाराचे तोंड जिथे नदीला मिळते तिथून खाली खाली जाताना नदी आपली आपण निवळत जाते आणि दर टप्प्यावर वस्ती बदलते, हे त्यांनी पाहिले. १९०८ मध्ये वनस्पतींची आणि १९०९ मध्ये प्राण्यांची, अशा त्यांनी टप्प्यांनुसार याद्याच छापल्या. जर्मन माणसाला शोभेल अशा, लांबलचक आणि शिस्तशीर.

मला मात्र ह्या हकिकतीतला सर्वांत मोलाचा भाग वाटतो तो वेल्समधला. आणि तो खाणींचा आहे, म्हणून आपण गोवेकरांनी तो जरा सावकाश वाचावा.

वेल्सच्या पश्चिम किनाऱ्यावर ॲबरिस्टविथ नावाचे गाव आहे. तिथे दोन नद्या समुद्राला मिळतात, ऱ्हायडॉल आणि इस्टविथ. दोन्ही डोंगरातून येणाऱ्या, लहान, खळाळत्या. त्या डोंगरांत शिशाच्या खाणी होत्या. एकोणिसाव्या शतकात त्यांची भरभराट झाली. खनिज कुटायचे, पाण्याने धुवायचे, जड शिसे खाली बसले की उरलेला गाळ नदीत सोडून द्यायचा, असा उद्योग. पुराच्या वेळी हा गाळ काठच्या शेतांत पसरे आणि ते गवत खाऊन जनावरे मरत. नद्यांच्या प्रदूषणासाठी नेमलेल्या आयोगाने १८७४ साली खाणींवर स्वतंत्र अहवाल दिला. त्यावर १८७६ चा कायदा झाला. कायद्यात खाणींसाठी पुरेशा पळवाटा ठेवल्या होत्या, हे वेगळे सांगायला नको.

पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ह्या खाणी बहुतेक बंद पडल्या, त्या कायद्यामुळे नव्हे तर परवडेनाशा झाल्या म्हणून. आणि नेमक्या त्याच सुमाराला ॲबरिस्टविथच्या कॉलेजात कॅथलीन कार्पेंटर नावाची एक तरुणी प्राणिशास्त्राचा अभ्यास करत होती. जन्म १८९१ चा, इंग्लंडातल्या लिंकनशरमधला. मूळ आडनाव झिमरमान, जर्मन. १९१४ मध्ये युद्ध पेटले तेव्हा तिने त्याचे इंग्रजी भाषांतर करून घेतले. झिमरमान म्हणजे सुतार, कार्पेंटर म्हणजेही सुतार. आडनावाचा अर्थ तेवढा राखला.

ही बाई वर्षानुवर्षे त्या नद्यांत उतरली आणि मेलेल्या नदीत कोण कोण शिल्लक आहे ते मोजत राहिली. १९२० च्या आगेमागे ऱ्हायडॉलच्या खालच्या भागात तिला जेमतेम डझन-दीड डझन जाती सापडल्या. आणखी दोन-तीन वर्षांनी संख्या दुप्पट झाली. तिच्यानंतर त्याच कॉलेजातल्या इतरांनी मोजणी पुढे चालू ठेवली, आणि १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला आकडा शंभराच्या वर गेला. खाण थांबली, नदी परतू लागली, आणि ती परतताना कोणीतरी काठावर वही घेऊन हजर होते. असे फार क्वचित घडते. शेजारची इस्टविथ मात्र मागे राहिली. तिच्या काठच्या खाणटेकाडांतून पावसाचे पाणी झिरपत राहिले आणि जस्त नदीत येत राहिले. खाण बंद होऊन शंभर वर्षे उलटली तरी त्या पाण्यातून धातू पुरता गेलेला नाही.

पण आकड्याहून महत्त्वाची गोष्ट नावांत आहे. गटाराच्या पाण्याने नदी बिघडते तेव्हा सर्वांत आधी जातात ते स्टोनफ्लाय नावाच्या किड्याची पिल्ले. दगडाखाली चिकटून राहणारा, दोन शेपट्यांचा, थंड आणि प्राणवायूने भरलेले पाणी लागणारा हा जीव. सर्वांत शेवटी उरतात लाल कृमी. शिशाच्या नदीत बरोबर उलटे चित्र दिसते. तिथे गोगलगायी नाहीत, शिंपले नाहीत, कोळंबीसारखे गोड्या पाण्यातले जीव नाहीत, जळवा नाहीत; पण काही जातींचे स्टोनफ्लाय आणि मेफ्लाय मजेत आहेत. धातूचे विष गोगलगायीला मारते, स्टोनफ्लायला तितके नाही. प्राणवायूची टंचाई स्टोनफ्लायला मारते, लाल कृमीला नाही. म्हणजे किती जण गैरहजर आहेत ह्यावरून नदी आजारी आहे एवढेच कळते. कोण गैरहजर आहे ह्यावरून आजार कोणता ते कळते. कार्पेंटरबाईंनी पुढे शिशाच्या पाण्यात मासे ठेवून ते कसे मरतात हेही तपासले. कल्ल्यांवर बुळबुळीत थर गोठतो आणि मासा गुदमरतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. १९२८ साली त्यांनी गोड्या पाण्यातल्या जीवसृष्टीवर इंग्रजीतले पहिले पाठ्यपुस्तक लिहिले. नंतर बरीच वर्षे त्या अमेरिकेत आणि कॅनडात शिकवत होत्या. १९७० साली वारल्या. त्यानंतर त्यांचे नाव कितीतरी वर्षे कोणाच्या फारसे लक्षात नव्हते. असो.

आता ट्रेंट नदीकडे येऊ. मध्य इंग्लंडमधली ही नदी. बर्मिंगहॅमची आणि आसपासच्या कारखान्यांची घाण टेम नावाच्या उपनदीतून तिच्यात येते. वरच्या अंगाला स्टोकची कुंभारकामाची शहरे. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडात नदीमंडळे स्थापन झाली आणि १९५१ च्या कायद्याने त्यांना नदीत काय सोडू द्यायचे हे ठरवण्याचे अधिकार मिळाले. अधिकार आले की कागद आला. साहेबापुढे ठेवायला काहीतरी हवे. जीवशास्त्रज्ञ नदीवरून परत येऊन लॅटिन नावांची दोन पानी यादी टेबलावर ठेवणार, आणि साहेब विचारणार, बरे, पण पाणी चांगले की वाईट? मी स्वतः सरकारी कचेरीत कारकून आहे, त्यामुळे हा प्रसंग डोळ्यांपुढे आणायला मला फारशी कल्पनाशक्ती लागत नाही. शेऱ्याच्या रकान्यात बसेल एवढेच उत्तर फायलीत टिकते.

ट्रेंट नदीमंडळातल्या वुडिविस ह्या जीवशास्त्रज्ञाने त्यावर तोडगा काढला आणि १९६४ साली तो प्रसिद्ध केला. गटाराच्या पाण्याने जीव ज्या क्रमाने नाहीसे होतात तो क्रम त्याने उभा मांडला. वर स्टोनफ्लाय, मग मेफ्लाय, मग कॅडिस (तोंडातल्या रेशमाने वाळूचे कण चिकटवून स्वतःभोवती नळी बांधणारी अळी; बघायला मिळाली तर जरूर बघा), मग गॅमॅरस नावाची गोड्या पाण्यातली कोळंबीची चुलत बहीण, मग आसेलस, आणि तळाला लाल कृमी व लाल अळ्या. आडवे मांडले ते एकूण किती प्रकारचे जीव सापडले ते. उभी ओळ आणि आडवा रकाना जिथे मिळतात तो नदीचा गुण, शून्य ते दहा. लाल कृमी म्हणजे ट्युबिफेक्स. शोभेच्या माशांना घालायला आपल्याकडेही विकत मिळतात आणि येतात ते गटारांतूनच. त्यांच्या आणि त्या लाल अळ्यांच्या अंगात आपल्या रक्तातलेच हिमोग्लोबिन असते. प्राणवायू नावापुरता उरला तरी तेवढ्यावर ते भागवतात.

ही पद्धत सुटसुटीत होती आणि ती पसरली. १९७६ साली ब्रिटिश सरकारने सगळ्या देशासाठी एकच पद्धत ठरवायला एक कार्यगट नेमला, आणि त्याच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून त्या पद्धतीलाच बीएमडब्ल्यूपी म्हणू लागले. तीन मिनिटे पायाने तळ ढवळायचा आणि खालच्या अंगाला जाळी धरायची. प्रत्येक कुळाला दहापासून एकपर्यंत गुण: बहुतेक स्टोनफ्लाय आणि बऱ्याच मेफ्लाय कुळांना दहा, जळवांना आणि साध्या गोगलगायींना तीन, लाल अळ्यांना दोन, कृमींना एक. सापडलेल्या कुळांच्या गुणांची बेरीज करायची. एखाद्या कुळाचा एक जीव सापडला काय नि शंभर सापडले काय, गुण तेवढेच. १९८० च्या राष्ट्रीय पाहणीपासून तिचा वापर सुरू झाला आणि तीसेक वर्षे ब्रिटनमध्ये तीच चालली. २०१० च्या दशकात तिची जागा सुधारित गुणांच्या नव्या पद्धतीने घेतली, आणि तिथे संख्येलाही महत्त्व आले.

पण ह्या सोयीची किंमत कोणती, ते वेल्सच्या हकिकतीवरून लक्षात यावे. ही गुणपत्रिका गटाराच्या घाणीसाठी बेतलेली. शिशाच्या नदीतल्या मजेत जगणाऱ्या स्टोनफ्लायला ती दहा गुण देते. तिथे मेलेल्या गोगलगायीचे तीन गुण गेले तरी बेरीज फारशी हलत नाही. एका आकड्यात साहेबाचे समाधान झाले, आणि कार्पेंटरबाईंनी नावे वाचून जे सांगितले असते ते मधेच गळाले. पुढे इंग्रजांनाही हे जाणवले. म्हणून १९९९ साली नदीचा प्रवाह घटला की कोण जाते त्याची स्वतंत्र गुणपद्धत आली, आणि त्यानंतर बारीक गाळाने दगडांमधल्या फटी बुजल्या की कोण जाते त्याचीही वेगळी. एकच हजेरीपट, पण तो वाचायच्या रीती निरनिराळ्या.

दुसरी अडचण होती ती आणखी मूलभूत. एखाद्या जागी साठ गुण आले, तर ते चांगले की वाईट? डोंगरातल्या दगडाळ ओढ्यात ते कमी म्हणायचे. सपाटीवरच्या संथ, चिखलाच्या नदीत कदाचित उत्तम. वर्गात चाळीसजण हजर आहेत हे कळून उपयोग नाही, पटावर किती आहेत ते ठाऊक हवे. हा पट तयार करण्याचे काम १९७७ मध्ये डॉर्सेट परगण्यात, फ्रोम नदीकाठच्या एका प्रयोगशाळेत सुरू झाले. जॉन राइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशभरातल्या ४१ नद्यांवरच्या २६८ चांगल्या, न बिघडलेल्या जागा निवडल्या आणि तिथले जीव मोजले. सोबत उतार, रुंदी, खोली, तळ दगडाचा की वाळूचा, ही माहिती. मग कुठल्याही नव्या जागेची अशी माहिती दिली की इथे कोणते जीव असायला हवेत, हे संगणक सांगू शकला. असायला हवेत त्यांच्या मानाने प्रत्यक्षात किती सापडले, तो नदीचा खरा गुण. १९९० च्या राष्ट्रीय पाहणीत ही रीत वापरली गेली आणि ऑस्ट्रेलियानेही ती उचलली. सगळी इमारत उभी आहे ती त्या २६८ जागांवर. चांगल्या जागा शिल्लक असतानाच कोणीतरी त्या मोजून ठेवल्या, म्हणून.

आणि हे काही शास्त्रज्ञांपुरतेच राहिले नाही. इंग्लंडात गळ टाकून मासे धरणारे हौशी लोक दर महिन्याला हे जीव मोजतात. जुलै २०१३ मध्ये केनेट नदीवर अशाच हौशी मोजणाऱ्यांना मार्लबरो गावाच्या खाली जाळीत काहीच जिवंत सापडेना. सुमारे पंधरा किलोमीटर नदीतले किडे आणि कोळंबीवर्गी जीव मेले होते. पाणी आरशासारखे. कारण निघाले क्लोरपायरिफॉस, म्हणजे आपल्याकडे वाळवीसाठी मारतात ते औषध, सांडपाण्याच्या केंद्रातून आलेले. प्रमाण अगदी थोडे. बीओडीच्या बाटलीने हे कधीच सांगितले नसते.

भारतात ही रीत परकी नाही. यमुनेवर डच तज्ज्ञांच्या मदतीने काम करताना केंद्रीय मंडळाने ब्रिटिश यादी आपल्याकडच्या कुळांना जुळवून घेतली आणि पाण्याचे पाच वर्ग ठरवले, निळ्यापासून लालपर्यंत रंग देऊन. त्यात एक गंमतीची युक्ती आहे. ताटलीतले जीव एकामागून एक उचलायचे आणि प्रत्येक जीव आधीच्यासारखा आहे की वेगळा, एवढेच बघायचे. नाव माहीत असण्याची गरज नाही. एकसारखेच येत राहिले तर आकडा शून्याकडे, दर वेळी वेगळा आला तर एकाकडे. दहावीतला पोरगा हे करू शकतो. पण २०१८ ची यादी करताना मात्र बाटलीच पुढे होती.

आपल्या नद्यांना हे जसेच्या तसे लावता येणार नाही, हेही सांगायला हवे. मांडवी आणि जुवारीत सुमारे पन्नास किलोमीटर आतपर्यंत भरती-ओहोटी पोचते. खाऱ्या पाण्यात मेफ्लाय शोधण्यात अर्थ नाही. तिथे तिसऱ्या, खुबे, शिणाणे, कालवे ह्यांचा वेगळा पट हवा. थंड देशांत स्टोनफ्लायची जी रेलचेल, ती आपल्या दक्षिणेत नाही. पण भरतीची हद्द संपल्यावर, खांडेपारच्या किंवा वाळवंटीच्या वरच्या अंगाला, सत्तरी-सांग्याच्या ओहोळांत, दगड उलटून बघण्यासारखे पुष्कळ आहे. आणि तिथले प्रश्न मुख्यतः कुजणाऱ्या घाणीचे नाहीतच. खाणीची माती दगडांमधल्या फटी बुजवते. म्हादईचे पाणी वळवले की प्रवाह घटतो. लवादाने ऑगस्ट २०१८ मध्ये कोणाला किती टीएमसी ते वाटून दिले, पण तळच्या रहिवाशांना किती लागते हे टीएमसीत सांगता येत नाही.

आपल्याकडे खाणी २०१२ मध्ये थांबल्या, मधे काही काळ मर्यादेत चालू झाल्या, मार्च २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. २०२२ च्या अखेरीस लिलाव सुरू झाले आणि त्यानंतर काही ठिकाणी काम परत चालू झाले. मधली जी वर्षे डोंगर शांत होता, त्या वर्षांत डिचोलीच्या नदीत कोण परत आले? गाळ धुऊन जाऊन दगडाखालच्या फटी मोकळ्या झाल्या का? ऱ्हायडॉलसारखी ती सावरत होती की इस्टविथसारखी अडकून राहिली? बीओडीच्या तक्त्यात ह्यासाठी रकाना नाही.

पटासाठी ज्या चांगल्या जागा लागतात, त्या आपल्याकडे अजून आहेत. म्हादई आणि भगवान महावीर अभयारण्यांतले ओहोळ आहेत, काणकोणच्या डोंगरातले आहेत. मोजणी भर पावसात करून चालत नाही. पुराने तळ खरवडून निघालेला असतो. पाऊस ओसरून पाणी निवळले, दिवाळी उलटली, की मार्चपर्यंतचा काळ बरा. साधने म्हणाल तर मच्छरदाणीच्या कापडाची जाळी, एक पांढरी ताटली, भिंग आणि वही. तीन मिनिटे ढवळायचे, आणि जे सापडेल ते लिहून झाल्यावर परत त्याच दगडांपाशी सोडून द्यायचे.